कुलपाबाहेरची मिश्री

माय, धाकटीचं तोंड आता दोनच बोटं उघडतं. तुला हे असं एकदम सांगायला नको होतं, पण तुझ्याशी आडवळणानं बोलणं मला कधी जमलं नाही, आणि जमलं असतं तरी, तू आज असतीस तर, मधेच ‘मुद्द्याचं बोल’ म्हणून तोडलं असतंस. दवाखान्यात ही एक साधी तपासणी असते. आपली तीन बोटं जोडून उभी धरायची आणि वरच्या-खालच्या दातांच्या मधे घालून बघायची. तिन्ही गेली तर तोंड चांगलं. पंधरा दिवसांपूर्वी धाकटी माझ्याकडं अंबाजोगाईला आली, तेव्हा मी तिला ओट्यापाशी उभं करून हे करायला लावलं. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. हसत हसत तिनं बोटं वर नेली आणि तिसरं बोट ओठांवरच अडलं. तिनं दोनदा जोर लावला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “बोटं जाड झाली असतील अक्का, कोयत्यानं ऊस तोडून.” मी “असतील” म्हणाले आणि मागं वळून उगाच गॅस बारीक केला. माझा चेहरा तिला दिसू नये असं वाटत होतं.

तिची तक्रार महिनाभराची आहे असं ती म्हणते. म्हणजे वर्षाची धर, कारण कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्याशिवाय तिचं दुखणं हे दुखणंच नसतं, हे तिनं तुझ्याकडूनच उचललं. तिखट लागलं की तोंडाची आग होते. भाकरी दुधात कुस्करून, अगदी मऊ करून, डाव्या बाजूनं खाते. उजव्या गालाच्या आत पांढरा डाग आहे, दुधावरच्या सायीसारखा, आणि तो बोटानं पुसून निघत नाही. मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मागच्या गुरुवारी त्यांनी त्या डागाचा एवढासा तुकडा तपासायला काढून घेतला. येत्या गुरुवारी त्याचा कागद मिळेल. आज मंगळवार आहे, दुपारचे तीन वाजलेत, बाहेर ऊन नुसतं भाजतंय. धाकटी आतल्या खोलीत फरशीवर लुगड्याचा पदर डोळ्यांवर घेऊन झोपली आहे आणि मी तिच्या श्वासाचा आवाज ऐकत इथं टेबलाशी बसले आहे. माय, मला भीती वाटते. साठी आली, चौतीस वर्षं मी दवाखान्यात काढली, लोकांचे कागद बघून मला त्यांच्या आधी कळायचं, आणि तोंडावर काही दिसू न देता मी गोळ्या मोजून द्यायची. आता घरातल्या माणसाचा कागद यायचा आहे तर मी उठून उठून कॅलेंडरावरचा गुरुवार बघते आहे.

तू एकदा माझ्या दवाखान्यात आली होतीस, आठवतंय का? मला औषधखिडकीवर लागून वर्ष झालं असेल. तू हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घट्ट ओढून, खिडकीच्या रांगेत उभी राहिलीस, पेशंटसारखी. मी ओरडलेच, “माय, तू आत ये की!” तर तू आत आलीस आणि खुर्ची सोडून खाली बसलीस. मग तुझं लक्ष कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडं गेलं. त्याला दोन कुलपं होती, एकाची किल्ली माझ्याकडं, एकाची डॉक्टरांकडं. तू विचारलंस, “ह्यात काय हाय गं, सोनं ठिवलंय का?” मी जरा मिरवतच सांगितलं की ह्यात लई कडक औषधं आहेत, जास्त घेतली की माणूस मरतं किंवा त्यांचंच होऊन बसतं, म्हणून एकेका गोळीची नोंद होते, कोणाला दिली, कोणी लिहून दिली, खाली दोघांच्या सह्या, आणि वर्षातून एकदा साहेब येऊन रजिस्टर तपासतो. तू सगळं नीट ऐकून घेतलंस. तोवर तुझा हात सवयीनं कमरेच्या पिशवीत गेला होता. डबीचं झाकण उघडून तू मिश्री बोटावर घेतलीस आणि दाताला लावता लावता म्हणालीस, “मंग ही कावून न्हाई ठिवली ह्यात?” मी हसले. “माय, ते काय औषध हाय का?” “औषध न्हाई तर सकाळी उठल्या उठल्या दुनिया कावून लावती?” आणि तू खिडकीबाहेर थुंकायला उठलीस. मी पुन्हा हसले. रांगेतल्या दोन बायकाही हसल्या. त्या दिवशी मला तुझा प्रश्न अडाणी वाटला होता. आज त्याच प्रश्नावर मी सरकारला चार पानी निवेदन लिहून ठेवलं आहे, आणि त्यात तुझ्या प्रश्नापेक्षा शहाणं असं एकही वाक्य नाही.

पण त्याच्या आधीचं सांगते. ते मी तुझ्याशी कधीच बोलले नाही आणि तूही माझ्याशी बोलली नाहीस.

बहात्तरच्या दुष्काळानं आपल्या विहिरीचा तळ दाखवला, आणि त्याच्या पुढच्या हंगामाला आपण पहिल्यांदा ऊसतोडीला गेलो. मी आठ वर्षांची. धाकटी दहा-अकरा महिन्यांची. तुझे धनी, म्हणजे आमचे दादा, बैलगाडी घेऊन कारखान्यावर ऊस टाकायला जायचे आणि तिथल्या रांगेत त्यांचा दिवस जायचा. तू पहाटे फडात गेलीस की दिवस कलल्यावर मोळ्या बांधून परत. वाढ्यानं, उसाच्या हिरव्या शेंड्यांनी शाकारलेल्या कोपीत मी आणि धाकटी. कारखान्याच्या हद्दीत एक सहकारी भांडार होतं, आठवड्याचा शिधा तिथून मिळायचा. तू मला सोबत न्यायचीस म्हणून ते भांडार मला लख्ख आठवतं. ज्वारीच्या पोत्याला लागून तंबाखूच्या पानांचं पोतं, तोंड उघडं, आत माणसं कोपरापर्यंत हात घालून पानं चोळून बघतायत. उंदराचं औषध मात्र वरच्या फळीवर जाळीच्या आत, लाल चिठ्ठी लावून. तापाची गोळी मागितली तर भांडारवाला म्हणायचा, दवाखान्याची चिठ्ठी आणा. तंबाखूला चिठ्ठी लागत नव्हती, लहान मूल आलं तरी तो पुडी बांधून द्यायचा. मीच कितीदा आणली.

आणि तुझं ते मिश्री भाजणं. चुलीवर तवा ठेवून तू पानं काळी होईस्तोवर परतायचीस. धूर असा उठायचा की मी धाकटीला काखेत मारून बाहेर पळायची आणि आतून तुझा खोकला ऐकू यायचा. मग तळहातावर घासून बारीक पूड. टोळीतल्या बायका तुझ्याकडं आपापली पानं घेऊन यायच्या, तुझ्या हाताला भाजायचा अंदाज बरोबर सापडला होता म्हणून. “तुह्या हातची मिसरी लावली की दुपारपतोर भूक आठवत न्हाई बघ,” असं म्हणायच्या, आणि तू खूश व्हायचीस. भूक मारायला ती लावतात हे मी तेव्हा असंच ऐकता ऐकता शिकले. दात येणाऱ्या, रडणाऱ्या लेकरांच्या हिरड्यांना लावली की लेकरं झोपतात, हेही तिथंच शिकले. शेजारच्या कोपीतली काकू फडात जाण्याआधी तिच्या पोराला रोज बोट लावून जायची. ती वाईट नव्हती गं. लेकरू झोळीत गप्प पडून राहिलं तरच तिचा कोयता चालायचा. तू मात्र धाकटीला कधी लावली नाहीस. स्वतः दिवसातून चार वेळा लावायचीस, पण मला बजावून ठेवलं होतंस, “डबीला हात लावायचा न्हाई. रडली तर गुळाचं पाणी पाज.”

त्या दिवशी गुळाचं पाणी संपलं होतं. धाकटी सकाळपासून रडत होती, हिरड्या सुजून लाल झालेल्या, हाताला लागेल ते चावत होती. मी तिला घेऊन फिरले, झोका दिला, गाणी म्हटली, शेवटी मीही रडायला लागले. तळावर मोठं माणूस नव्हतं. डबी छपराच्या वाढ्यात खोचलेली असायची. पाण्याची घागर उपडी करून तिच्यावर उभी राहून मी डबी काढली, आणि मला अजून झाकणाचा गार पत्रा बोटाला लागतो. काकू लावायची तसंच बोट बुडवून मी तिच्या हिरडीला लावलं. तिनं तोंड वाकडं केलं, थोडी गप्प झाली, मग पुन्हा सुरू. मला वाटलं, कमी पडली. मी दुसऱ्यांदा लावली, जरा जास्तच, वर आणि खाली दोन्हीकडं. मग ती झोपली. मला इतका आनंद झाला माय. मी कोपीच्या दारात बसून खड्यांचा डाव मांडला आणि एकटीच खेळले, किती वेळ ते माहीत नाही.

मग मी आत गेले तर तिच्या तोंडातून लाळ वाहत होती आणि झोळीला ओकारीचा वास. मी उचललं तर मान मागं पडली. अंग घामानं ओलं आणि गार, ओठ निळसर. मी हाक मारली, गाल ओढले, तिच्या पायाच्या अंगठ्याला चावलेसुद्धा. ती डोळे अर्धे उघडायची आणि पुन्हा मिटायची. मी तिला कडेवर घेऊन फडाकडं पळाले. तोडलेल्या उसाची खोडकं तळपायात घुसत होती, ते मला नंतर कळलं. मला त्या वेळी एकच कळत होतं की ती माझ्या अंगावर जड होत चालली आहे. तू मला लांबूनच बघितलंस. कोयता टाकलास. तिला हातात घेतलंस आणि आधी तिच्या तोंडाचा वास घेतलास. मग माझ्याकडं बघितलंस. त्या बघण्याला आज बावन्न वर्षं झाली.

तू तिला पालथी धरून घशात बोट घातलंस, पाणी घातलंस, रिकाम्या जाणाऱ्या गाडीत बसून कारखान्याच्या दवाखान्यात नेलंस. डॉक्टरांनी विचारलं, “काय दिलं पोटात?” तू म्हणालीस, “मिसरी.” त्यांनी तुला माझ्यासमोर, कंपाउंडरसमोर, दोन आजारी मजुरांसमोर झाडलं. “बाई, हे विष आहे विष. तुम्ही लोक लेकरांना अफू द्या, तंबाखू द्या, आणि मग आमच्याकडं आणा.” तू मान खाली घालून ऐकलंस. मी तुझ्या लुगड्यामागं उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. धाकटी संध्याकाळपर्यंत रडायला लागली. त्या रडण्यासारखा चांगला आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

तू मला मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तू धाकटीला पाठीशी बांधून फडात न्यायला लागलीस, बांधावर पाचटावर निजवायचीस, तुझं काम मागं पडायचं, मुकादम बोलायचा. आणि पुढच्या हंगामाला निघताना तू माझं बोचकं वेगळं बांधलंस. “तुह्याच्यानं लेकरू सांभाळणं व्हत न्हाई. तू मामाकडं ऱ्हा नेकनूरला. शाळंत जाऊन बस,” असं म्हणालीस. मी एसटीच्या खिडकीतून रडत होते, कारण मला ती शिक्षा वाटली होती. शिक्षाच होती ती. पण त्या शिक्षेनं मला पाटी मिळाली, मामानं चौथीनंतरही शाळा सोडू दिली नाही, पुढं अंबाजोगाईचं कॉलेज, मग सरकारी नोकरी. आणि धाकटी तुझ्याजवळ राहिली म्हणून तिला फड मिळाला. सहा वर्षांची असताना वाढं गोळा करायची, बाराव्या वर्षी मोळ्या बांधायची, पंधराव्या वर्षी तिचं लग्न होऊन नवऱ्याबरोबर ती मुकादमाच्या वहीत एक कोयता झाली. मिश्री तिला मोळ्यांच्या वयात लागली, टोळीतल्या सगळ्या पोरींना लागते तशी. आम्ही दोघी एकाच पोटच्या. मी चुकले म्हणून मी शाळेत गेले आणि ती काही चुकली नाही म्हणून ती उसात राहिली. हे मी कोणाला सांगू?

मी औषधं शिकलेली बाई आहे. लहानपणी दोनदा लावलेल्या मिश्रीनं पन्नास वर्षांनी गालात डाग पडत नाही, हे मला कळतं. चाळीस वर्षं रोज चार-पाच वेळा लावली म्हणून पडतो. पण हे कळून माझी भीती कमी होत नाही. सकाळी ती चूळ भरायला मोरीत जाते तेव्हा मी चुळांचे आवाज मोजत असते. पंधरा दिवसांत तिनं दोनदा चोरून मिश्री लावली, मला वासानं कळलं. मी रागावले तर म्हणाली, “अक्का, न्हाई लावली की डोकं धरतंय, हातपाय कापतेत, समदं अंग मिसरी मिसरी करतंय. तुह्याकडं एवढाल्या गोळ्या व्हत्या, ह्याच्यावर एक न्हाई का?” तिच्याकडं बघून मला कळलं की मी चौतीस वर्षं कपाटाला कुलूप लावत होते, आणि जे खरंच कुलपात ठेवायचं होतं ते बाहेर, दवाखान्याच्या फाटकाशीच टपरीवर टांगलेलं होतं. रजिस्टरमधली एक गोळी कमी भरली तर मला जाब द्यावा लागायचा. टपरीवाल्याला कोणी कसला जाब विचारला?

यंदा पुन्हा पाणी नाही. गावाशेजारी जनावरांची चारा छावणी आहे, आणि बायका दिवस दिवस तिथंच म्हशीजवळ बसून असतात. पाण्याचा टँकर दोन-दोन दिवस चुकतो, तंबाखूची गाडी चुकत नाही. आपल्या गावात आता बायकांची सहकारी दूध संस्था आहे, मी तिची सभासद आहे. संस्थेनं छावणीवर दुकान उघडलं, पेंड, मीठ, चहा-साखर आणि तंबाखू. मी गेल्या महिन्याच्या सभेत उठून म्हणाले की निदान आपल्या संस्थेच्या दुकानातून तंबाखू काढा. अध्यक्षबाई मोठ्या घरच्या, शांत बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “बाई, तुमचं समदं खरं हाय. पण दुकानातून तंबाखू काढली तर बाया खासगी डेअरीला दूध घालतील. दुष्काळात संस्था बुडवू का मी?” आणि मागून एक म्हातारी म्हणाली, “सरकारनं मिसरी कुलपात घातली तर आमी सकाळच्याला परसाकडं कसं जावं ते बी लिवा म्हणावं कागदात!” सगळ्या खो-खो हसल्या. मीही हसले. पण त्या उघडलेल्या तोंडांकडं मी बघत होते. एका तरण्या सुनेचं तोंड हसताना नीट उघडत नव्हतं. तिला दिवस गेलेले दिसत होते.

त्यानंतर मी लिहायला बसले. आमच्या दवाखान्यातले जुने डॉक्टर म्हणाले, तुम्हीच लिहा, औषधांचे नियम तुमच्याइतके कोणाला पाठ नाहीत. मी लिहिलं की शासनानं तंबाखूला शौक म्हणणं सोडून द्यावं आणि माणसाला गुलाम करणारं, मारणारं द्रव्य म्हणून तिचा कायदा करावा. जसं कपाटातल्या औषधाला परवाना लागतो तसा तिच्या विक्रीला लागावा, परवाना मोजक्यांना मिळावा आणि चुकला तर जावा. सुटी पुडी कोणी बांधू नये. सहकारी संस्थेच्या, रेशनच्या, छावणीच्या दुकानात ती दिसू नये, कारण तिथं माणूस भाकरीसाठी येतो. शाळेजवळ विकायची नाही असा नियम आजही आहे, पण पाटी आहे आणि पाटीखालीच टपरी आहे, तेव्हा तपासणारा माणूस नेमावा आणि त्याचंही रजिस्टर असावं. घरी भाजलेल्या मिश्रीला तर कोणी तंबाखूत धरतच नाही. बायकांना विचारलं “तंबाखू खाता का?” तर त्या “न्हाई” म्हणतात आणि खोटं बोलत नाहीत, त्यांना ती दात घासायची पूड वाटते. तेव्हा पानाच्या पोत्यावरसुद्धा लाल चिठ्ठी हवी. आणि शेवटचं मी दोनदा लिहिलं की ज्यांना लागलेली आहे त्यांना दंड करू नका, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ती सोडवायचं औषध आणि बोलायला माणूस द्या, कारण ती बाई गुन्हेगार नाही. डॉक्टरांनी वाचलं आणि म्हणाले, “उत्तम. फक्त एक खरं उदाहरण घाला. साहेब लोक नियम विसरतात, उदाहरण विसरत नाहीत.”

म्हणून मी उदाहरण घातलं. मी लिहिलं, “दुष्काळात ऊसतोडीस गेलेल्या एका आईने, दात येत असलेल्या तान्ह्या मुलीला गप्प करण्यासाठी तिच्या हिरड्यांना मिश्री लावली. मूल मरता मरता वाचले. तीच मुलगी आज पन्नाशीत असून तिचे तोंड दोन बोटे उघडते.” लिहिताना हात थांबला नाही. ‘एका आईने’ हे शब्द आपोआप आले. वाचायला बरं दिसत होतं, कोणालाही पटेल असं. आठ वर्षांच्या पोरीनं लावली म्हटलं तर कितीतरी समजावून सांगावं लागलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं.

काल दुपारी मी ते धाकटीला वाचून दाखवलं. तिची सही हवी होती, गावातल्या सत्तर-ऐंशी बायकांच्या झाल्या होत्या, अध्यक्षबाईंनीसुद्धा नको नको म्हणत केली होती. धाकटी भिंतीला टेकून ऐकत होती. उदाहरण आलं तशी ती सरळ बसली. “अक्का, ही आपली माय हाय न्हवं? आन् ती लेक मी हाय?” तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. तू नाही, मी नाही, दादा तर कधीच नाही. मी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “हो.” तिनं भिंतीला पुन्हा पाठ टेकली. मग म्हणाली, “मला आजवर ठावंच नव्हतं. दुसऱ्या कुनी केलं असतं तर त्याचं तोंड बघितलं नसतं बघ म्या. पर माय अडाणी व्हती, दिवसभर उसात राबायची, तिला कोन सांगनार. मह्या मनात न्हाई काही तिच्याबद्दल.” आणि डोळे पुसून, जीभ दातात धरून, तिनं रात्रशाळेत शिकलेलं आपलं नाव सावकाश लिहिलं.

निवेदन उद्या बीडला जायचं आहे. कागद माझ्यासमोर आहे. ‘आईने’ हा एकच शब्द खोडून वर ‘बहिणीने’ लिहायचं, तेवढ्याला पुन्हा सह्या घ्यायचीही गरज नाही. तो खोडायला म्हणून मी जेवण झाल्यावर पेन घेऊन बसले होते आणि तुला लिहीत सुटले. गुरुवारचा कागद चांगला आला तर तिला खरं सांगेन, असं मी मघापासून स्वतःला सांगते आहे. पण वाईट आला तर सांगणार नाही हेही मला माहीत आहे, म्हणजे मी त्या कागदाची वाट फक्त तिच्यासाठी बघत नाही. तिनं तुला माफ केलं माय, आणि तुझ्याकडून काही चुकलंच नव्हतं. मला आत चाहूल लागली आहे, ती उठली, आता चहा मागेल. निवेदन मी पाकिटात घालून चिकटवते आहे. त्यातला तो शब्द मी बदललेला नाही.